रिंगबाहेरचा माणूस: व्यावसायिक कुस्तीत मॅनेजरची भूमिका कशी करावी

मॅनेजर म्हणजे पैलवानाचे मानधन ठरवणारा माणूस, असा समज घेऊन आमच्या सरावाला बरेच जण येतात. व्यवहाराचे बोलणे पडद्यामागे होते. रिंगजवळचा मॅनेजर हे रंगवायचे पात्र आहे. तालमीतल्या वस्तादाशीही त्याची गल्लत करू नये. वस्ताद डाव शिकवतो. मॅनेजर निकाल आधीच ठरलेल्या लढतीत प्रेक्षकांनी कोणाचा राग करायचा आणि का, हे त्यांच्या मनात भरवतो. (आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ हा शब्द शिवीसारखा वापरतात, पण येथे निकाल ठरलेला असणे हीच कामाची पूर्वअट असल्याने त्यात लाजण्यासारखे काही नाही.)

सर्वप्रथम आपल्या पैलवानात काय कमी आहे ते पाहावे, कारण तेवढीच जागा आपल्याला भरायची असते. १९८७ च्या रेसलमेनियात, म्हणजे अमेरिकेतल्या या कुस्तीच्या मोठ्या वार्षिक कार्यक्रमात, हल्क होगनसमोर उतरलेल्या आंद्रे द जायंटला बोलण्याची गरज नव्हती. त्याचे आकारमान पुरेसे होते आणि वैराचे कारण जगाला पटवून देण्याचे काम त्याचा मॅनेजर बॉबी हीनन करत होता. २००६ मध्ये भारतीय पैलवान द ग्रेट खली अमेरिकेतल्या डब्ल्यूडब्ल्यूईत आला तेव्हा आधी दैवारी आणि पुढे रणजिन सिंग हे त्याच्या वतीने बोलत. याउलट दारा सिंग यांच्यासारखा, म्हणजे ज्याचे नाव पुकारताच मुंबईत टाळ्या पडत असा पैलवान आपल्याकडे असेल, तर माझ्या मते मॅनेजर त्याला न देता त्याच्या प्रतिस्पर्ध्याला द्यावा. लाडक्या नायकाच्या शेजारी वकील उभा केला की नायकाचेच वजन घटते.

भाषण दीड मिनिटाच्या वर नेऊ नये. त्यात प्रतिस्पर्ध्याचे नाव, लढतीचा दिवस आणि आपला माणूस जिंकणार याचे एकच कारण यावे. मॅनेजर पॉल हेमन आपला पैलवान ब्रॉक लेस्नर याचा उल्लेख ‘माझा अशील’ असा करत असे, आणि २०१४ मध्ये लेस्नरने अंडरटेकरची रेसलमेनियातील २१ विजयांची मालिका तोडल्यावर तो तीच एक गोष्ट आठवड्यामागून आठवडे वेगवेगळ्या चालीत ऐकवत राहिला. प्रेक्षकांना डिवचताना जात, धर्म आणि घरच्या माणसांना हात घालू नये. त्याची गरजही पडत नाही. दादरच्या हॉलमध्ये उभे राहून ‘कुस्तीतले कळावे ते पुण्याच्या लोकांना’ एवढे शांतपणे म्हटले, तरी पहिल्या रांगेपासून बाल्कनीपर्यंत हुर्यो उडते. आवाज चढवणे हाच एक मार्ग आहे असेही नाही. १९८५ पासून पैलवान रँडी सॅव्हेजसोबत मॅनेजर म्हणून येणारी मिस एलिझाबेथ फारच थोडे बोलत असे, तरी प्रेक्षकांचे लक्ष तिच्या चेहऱ्यावरून हलत नसे.

हातात एखादी वस्तू असावी. नामांकित मॅनेजरांपैकी जिमी हार्टकडे कर्णा होता, जिम कॉर्नेटकडे टेनिसची रॅकेट, तर पॉल बेअररकडे अस्थिकलश. मुंबईत मी लांब दांड्याची काळी छत्री सुचवतो: पावसाळ्यात तिचा कोणाला संशय येत नाही, आणि तिच्या वाकड्या मुठीने दोरांखालून प्रतिस्पर्ध्याचा पाय ओढता येतो. टोकाला रबरी टोपी मात्र बसवावी.

खरा कस लागतो तो पंचाचे लक्ष वळवताना. समजा, आपला पैलवान पंचाच्या नकळत खुर्ची मारणार आहे. त्याने ठरलेली खूण, उदाहरणार्थ गुडघ्यावरची पट्टी ओढणे, केल्याशिवाय आपण दोरांबाहेरच्या कडेवर चढायचे नाही. चढल्यावर दोन्ही हातांनी वरचा दोर धरावा आणि थेट पंचाच्या डोळ्यांत पाहून वाद घालावा. तो रिंगकडे पाठ करून आपल्यापुढे येतो. या क्षणी त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहण्याचा मोह आवरावा, कारण आपली नजर तिकडे गेली की ‘पंच मागे वळून का पाहत नाही?’ हा प्रश्न हॉलमधल्या शेवटच्या माणसालाही पडतो. खुर्चीचा आवाज कानावर आला की ताबडतोब खाली उतरावे. आपण वरच रेंगाळलो, तर पंचाला वळायला कारण उरत नाही, आणि चीत पडलेला माणूस तीन आकडे मोजले जाण्याची वाट पाहत राहतो.

माझ्या पहिल्या लढतीत मी खुणेआधीच वर चढलो. खुर्ची अजून रिंगखाली होती आणि प्रतिस्पर्धी दोन्ही पायांवर ठणठणीत उभा होता. बुटाची नाडी नियमात बसते की नाही, यावर मी आणि पंच जवळपास मिनिटभर भांडलो. तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी ‘अहो, बांधून टाका ती!’ असे सुचवले आणि सगळा हॉल हसला. तेव्हापासून एका लढतीत एकदाच, आणि तेही खूण झाल्यावरच, मध्ये पडायचे, हा नियम मी पाळतो.

उरलेला सगळा वेळ पुढच्या रांगेची आणि मुख्य कॅमेऱ्याची वाट न अडवता उभे राहावे व आपल्या पैलवानाच्या अंगावर बेतणाऱ्या प्रत्येक पकडीला चेहऱ्याने उत्तर द्यावे. मागे बसलेल्याला मनगट पिरगाळलेले दिसत नाही. ते किती दुखते आहे, हे त्याला आपल्या तोंडावरून कळते. वेळ संपत आली असल्यास शिव्या देण्याच्या निमित्ताने वाकून तेही पैलवानाला सांगता येते.

एवढा राग साठवल्यावर त्याची परतफेड मॅनेजरच्या अंगावरच व्हायला हवी, तीही घाईने नव्हे. अनेक लढती पळ काढल्यावर एके दिवशी नायकाच्या हाती सापडावे. त्यासाठी गादीवर मागे पडण्याचा सराव पैलवानांइतकाच करावा: हनुवटी छातीला टेकलेली, हात मागे टेकवायचे नाहीत, पाठ सपाट. घड्याळ आणि चष्मा आधीच उतरवून ठेवावा आणि सुटाची विजार शिंप्याकडून बैठकीला दुहेरी शिवून घ्यावी.