दीडशे मोबाइल, एक लेक्चर हॉल: तयारीची यादी

एमबीबीएसच्या दीडशेच्या बॅचला मोबाइलवर थेट प्रश्न विचारायचे असतील तर आदल्या दिवशी आधी वायफाय बघून घ्या. एका अ‍ॅक्सेस पॉइंटवर (वायफाय सोडणाऱ्या डब्यावर) 30 ते 40 मोबाइल धरून चाला, म्हणजे किमान चार लागतील. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. चौथा कुणाच्या तरी अंगावर येणारच. म्हणून जास्त चॅनेल असलेला 5 गिगाहर्ट्झचा पट्टा चालू करून घ्या.

खरी अडचण मात्र वेगळीच असते. नऊचं लेक्चर सुरळीत होतं आणि अकराला दुसऱ्या बॅचच्या मागच्या बाकांवर 'आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे' एवढंच दिसत राहतं. सिग्नलच्या कांड्या पूर्ण, त्यामुळे बोल बिचाऱ्या मोबाइलला लागतो. नेटवर्क प्रत्येक मोबाइलला एक क्रमांक देतं, तोच आयपी अ‍ॅड्रेस. नेहमीच्या सेटिंगमध्ये नेटवर्ककडे वाटायला जेमतेम 254 अ‍ॅड्रेस असतात. त्यातले दीडशे पहिली बॅच घेऊन गेली आणि लीज, म्हणजे अ‍ॅड्रेस राखून ठेवायची मुदत, 24 तासांची असेल तर ती मुलं हॉस्टेलवर पोचली तरी ते अडकलेलेच. आयटीवाल्यांना लीज तासाभरावर आणायला सांगा, शिवाय अ‍ॅड्रेसचा साठा (पूल) पाचशेपर्यंत वाढवून घ्या. तपासणी एका मोबाइलवर करू नका, एक तर नेहमीच चालतो. निदान वीस मुलं बसवा.

हिस्टॉलॉजीच्या (ऊतींच्या सूक्ष्म रचनेच्या) स्लाइडचा फोटो 4 एमबीचा असेल तर दीडशे जण एकाच क्षणी 600 एमबी ओढतात. तोच 250 केबीवर आणला की काम चाळीसच्या आत भागतं. तरीही नेट गेलंच तर ए, बी, सी, डी लिहिलेली पुठ्ठ्याची कार्डं टेबलावर असू द्या.

वॉर्डात न्यायच्या टॅबची तयारी निराळी. कव्हर काढून 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने पुसा, वाइप ओली हवी, गळती नको. पेशंटला तपासलेल्या ग्लोव्हजनीच स्क्रीनला हात लावला जातो, हे राउंडवर हमखास घडतं. एमआरआयच्या खोलीत टॅब न्यायचाच नाही.

फोटो घ्यायचा तर लेखी संमती घेऊन, कॉलेजच्याच टॅबवर, क्लाउड बॅकअप बंद करून. हातावरच्या पुरळाचा फोटो घेताना चेहरा टाळला जातो, पण मनगटावरची नावाची पट्टी फ्रेममध्ये राहून जाते. मागे बेड नंबर आणि केसपेपरही असतो. क्लिक करण्याआधी चारही कोपरे बघा.