म्हशीला तिवराचा पाला घालायचा असेल तर

गोव्यात चोडण बेटावर आमच्या खाजनाच्या (खाडीकाठची बांद घातलेली शेतजमीन) बांदावर तिवर, म्हणजे खारफुटीचं झाड, मुबलक, आणि एप्रिलमध्ये पेंढा संपत आला की हिरवं म्हणून तेवढंच दिसतं. घालावं का? घाला, पण थोडं.

आधी पानाच्या पाठीवर जीभ लावून बघा. खारट लागेल, कारण हे झाड खाडीतलं मीठ पानातून बाहेर टाकतं, उन्हाच्या वेळी तर पानावर पांढरे कण चक्क दिसतात. म्हणून पाला गोड्या पाण्यात दोन वेळा खळबळून धुवायचा, वरचं मीठ आणि चिखल जातो, आतलं राहतंच. भरतीचं पाणी लागतं ती खालची पानं घेऊच नका, बार्जी (मालवाहू होड्या) चालतात तिथं तर तेलाचा तवंगही चिकटलेला असतो.

मग सावलीत एक दिवस सुकवा, म्हणजे चवीचा तुरटपणा कमी होतो. पहिल्या दिवशी एक मूठ पेंढ्यात मिसळून, आठवडाभरात वाढवत वाढवत चाऱ्याच्या पाव हिश्श्यापर्यंत, त्यापुढे नाही. आमची म्हैस पहिल्यांदा हुंगून बाजूला झाली, तिसऱ्या दिवशी खाल्लं आणि मग दोन बादल्या पाणी एका दमात प्यायली. पाणी कायम समोर पाहिजे, आणि मिठाची चाटण-वीट तेवढे दिवस काढून ठेवा. गाभण जनावर आणि लहान पारडू असेल तर हा खेळ नको.

ताकद किती? सुक्या वजनावर साधारण 10 टक्के प्रथिनं, भाताच्या पेंढ्यात 3-4 च. पण ओल्या पाल्यात बहुतेक पाणीच, 10 किलोचा भारा सुकून 3 किलो होतो म्हणजे प्रथिनं 300 ग्रॅम, त्यातलं काही टॅनिन (पानातलं तुरट द्रव्य) अडवतं. तेव्हा पेंड बंद करू नका. कच्छचे खाराई उंट हे आवडीनं खातात हे खरं, पण उंट वेगळा हो, म्हैस वेगळी.

कांदळ ही दुसरी खारफुटी जास्त तुरट, जनावर सहसा तोंड लावत नाही. गेवा ही तिसरी मात्र ओळखून ठेवा, फांदी मोडली की पांढरा चीक येतो, तो डोळ्यात गेला तर माणसाची दृष्टीसुद्धा जाऊ शकते. भाऱ्यात चुकून येऊ देऊ नका.

आणि कोयता घेऊन सुटू नका, तिवर तोडायला कायद्यानं बंदी आहे. मी बांद दुरुस्तीला परवानगी घेऊन छाटलेल्या फांद्या आणि वाऱ्यानं पडलेल्याच आणतो.