सुपात पाखडलेलं चॉकलेट

लातुरात बियांपासून चॉकलेट करायचं असेल तर डिसेंबर-जानेवारी सोडून दुसऱ्या महिन्यात हात घालू नका. चॉकलेटला घट्टपणा देतं ते कोकोचं लोणी, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, आणि ते 34 अंशांच्या आसपास वितळतं. म्हणून तर वडी जिभेवर विरघळते. आपल्याकडे मार्चमध्येच दुपार त्याच्यापुढे जाते, मग वडी धरायची कुठे?

माझा दादा तूरडाळीचा ट्रक घेऊन केरळात जातो. चार वर्षांपूर्वी इडुक्कीहून येताना त्याने पाच किलो वाळलेल्या कोको बिया आणल्या आणि सोबत एक पिवळं फळ. फळ विळीवर चिरलं तर आत पांढरा, आंबटगोड गर, थेट बालाघाटातल्या सीताफळाची आठवण यावी असा. त्यात अडतीस बिया निघाल्या. एक चावून पाहिली. आतून जांभळी, कडू, तुरट. चॉकलेटचा वास नावालाही नाही.

कारण तो वास झाडावर तयार होतच नाही. शेतकरी गरासकट बिया लाकडी खोक्यात भरतात किंवा ढीग करून केळीच्या पानांनी झाकतात आणि पाच ते सात दिवस आंबू देतात. गरातल्या साखरेची आधी दारू होते, मग आम्ल होतं, ढीग 45-50 अंशांपर्यंत तापतो, बीचा कोंब मरतो आणि आतला कडवटपणा उतरायला लागतो. मग उन्हात वाळवण. हे नीट झालं नसेल तर पुढे तुम्ही कितीही जीव ओता, उपयोग नाही. म्हणून बिया घेताना पहिला प्रश्न विचारा, आंबवून वाळवलेल्या आहेत ना? एक बी उभी कापून बघा. आतून तपकिरी, भेगाळलेली असेल तर घ्या. पाटीसारखी करडी आणि घट्ट असेल तर ठेवून द्या.

ही झाडं आपल्याकडे लावावीत का, असं गल्लीतल्या दोघा-तिघांनी विचारलं. कोको विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण 20 अंशांपर्यंत पिकतो आणि नकाशावर लातूर त्या पट्ट्यात बसतं. पण झाडाला दमट हवा, सावली आणि वर्षाला 1500 मिलिमीटरच्या वर पाऊस लागतो. 2016 साली ज्या गावाला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हा हट्ट कुणी धरू नये. केरळ, कर्नाटक, तामिळनाडू, आंध्रात नारळ-सुपारीच्या सावलीत तो घेतात. फळं उंबरासारखी थेट खोडाला लागतात आणि परागीकरण करतात बारीकशी चिलटं. जगातला निम्म्याहून जास्त कोको मात्र आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो.

आता कामाला लागू. एक किलो बिया ताटात पसरा. चपट्या, बुरशी आलेल्या, दोन चिकटलेल्या बाजूला काढा. कच्च्या बिया जमिनीवर, खोक्यांत आंबलेल्या असतात, त्यामुळे त्यांचं ताट आणि भाजलेल्यांचं ताट वेगळं ठेवा, मध्ये हात धुवा.

भाजायला जाड बुडाची लोखंडी कढई. अर्धा-अर्धा किलो, मंद आचेवर, पंचवीस-तीस मिनिटं, उलथनं न थांबवता. शेंगदाणे भाजता येत असतील तर हेही येईल. सुरुवातीला आंबूस वाफ येते. पहिल्या खेपेला सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "काय भाजूलालीस गं? आंबलेल्या भाकरीवानी वास येऊलालाय!" तो वास जाईपर्यंत थांबा. मग बिया तडतडू लागतात आणि घरभर गोडसर वास पसरतो. तेव्हा एक बी घेऊन चिमटा. टरफल सहज सुटलं की कढई उतरवा आणि बिया लगेच परातीत पसरा, नाहीतर कढईच्या उष्णतेने करपतात.

गार झाल्यावर जाड पिशवीत घालून वरून लाटणं फिरवा आणि सुपात घ्या. इथे मी बाजूला होते. सासूबाईंनी आयुष्यभर ज्वारी आणि तूर पाखडली, त्यांच्या हाताला जे कळतं ते मला अजून कळत नाही. सूप किंचित खाली झुकवून एक झटका, फुंकर, पुन्हा झटका. पातळ टरफल उडून जातं, जड तुकडे मागे सरकतात. टरफल राहिलं तर चॉकलेट खरखरीत होतं, त्यामुळे घाई करू नका. किलोभर बियांचे पाऊण किलोच्या आसपास तुकडे मिळतात.

वाटण हा खरा लांबलचक भाग. 700 ग्रॅम तुकडे, 300 ग्रॅम साखर. तुकडे आधी मिक्सरला थांबत थांबत फिरवा. तीळ कुटले की तेल सुटतं तसं यांनाही सुटतं, कारण बीचा जवळपास निम्मा भाग लोणीच असतो. मग इडलीचं पीठ वाटायच्या दगडी ग्राइंडरमध्ये मूठ मूठ टाका. भांडं आणि दगड आधी कोरडे आणि कोमट करून घ्या. परदेशातले छोटे चॉकलेटवालेसुद्धा याच धर्तीची दगडी यंत्रं वापरतात. तीन-चार तासांनी लगदा पातळ झाला की दळलेली कोरडी साखर घाला. एकूण वीस-चोवीस तास तरी लागतात. दाणे इतके बारीक व्हायला हवेत की जिभेला कळू नयेत. घरगुती मोटार इतकी राबायला केलेली नसते, म्हणून चार तास चालवा, अर्धा तास विसावा द्या.

एका रात्री लाइट गेली. गारठा होता, सगळं दगडासारखं थिजलं. लाइट आल्यावर मी तसंच बटण दाबलं आणि पट्टा जळाला. आधी भांडं गरम करून लगदा सैल करा, मग बटण.

साखरेऐवजी गूळ घालायचा मोह मलाही झाला होता. गुळात ओल असते. लगदा पाच मिनिटांत पिठल्यासारखा घट्ट झाला. चॉकलेटला पाण्याचा एक थेंबही सोसत नाही, साखर तो धरून गोळे करते. दुधाचं हवं असेल तर दुधाची पावडर घाला, दूध नाही.

मेक्सिको-मध्य अमेरिकेतल्या जुन्या माया लोकांनी आणि त्यांच्यानंतर ॲझ्टेक लोकांनी कोको दगडावर वाटून प्यायचाच. ॲझ्टेक बाजारात बिया पैशासारख्याही चालत. खायची वडी इंग्लंडमध्ये 1847 साली निघाली, दुधाचं चॉकलेट 1875 च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये.

शेवटचं काम थर्मामीटरचं, ते अंदाजाने करू नका. गरम पाण्याच्या भांड्यावर कोरडं भांडं ठेवून चॉकलेट 45-50 अंशांपर्यंत तापवा, ढवळत 28 पर्यंत उतरवा, पुन्हा 31-32 पर्यंत चढवा. लोण्याचे स्फटिक सहा प्रकारचे होतात, त्यातला एकच वडीला चकाकी आणि कट्कन तुटण्याचा आवाज देतो. ही तापवण्याची-निववण्याची कसरत त्याच्यासाठी. सुरीच्या टोकावर थोडं घ्या, पाच-सात मिनिटांत चमकदार थिजलं तर साच्यात ओता. नंतर वडीवर पांढुरकी झाक आली तर टाकू नका, ती बुरशी नाही, लोणी वर आलेलं असतं.

बाजारातल्या कंपाउंडच्या लादीला यातलं काही लागत नाही, कारण त्यात कोको लोण्याऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. मुलांना वड्या पाडून द्यायला ती ठीक आहे, पण तिला चॉकलेट म्हणायला माझं मन धजत नाही.

ठेवताना हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर डबा तासभर तसाच बंद राहू द्या, नाहीतर वड्यांना घाम फुटतो. पाखडलेली टरफलं खड्ड्यात पुरून खत करा. कोकोतलं थिओब्रोमिन कुत्र्यांना विषासारखं बाधतं, आणि वास त्यांना ओढून आणतो. शेळ्या-वासरांच्या पुढेही ती टाकू नका.