ड्रोन आणि चालकविरहित गाड्यांची वायरलेस लिंक: पॉवर वाढवण्याआधी या चुका टाळा

ड्रोन दूर गेला, व्हिडिओ अडखळू लागला, की बहुतेकांचा हात आधी ट्रान्समीटरच्या पॉवर सेटिंगकडे जातो. 25 मिलिवॅटचे 100, 100 चे 400. पण मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल 6 डेसिबलनं (सिग्नलची ताकद मोजण्याचं माप) घटतो, म्हणजे दुप्पट रेंजला चौपट पॉवर लागते. बॅटरी लवकर संपते, मॉड्यूल तापतं, परवानगीची मर्यादा ओलांडली जाते ती वेगळीच. तेवढेच 6 डेसिबल अनेकदा अँटेनाच्या बसवणीत वाया गेलेले असतात. ते आधी शोधा.

कनेक्टरपासून सुरुवात करा. एसएमए आणि आरपी-एसएमए हे अँटेना जोडायचे आट्यांचे कनेक्टर दिसायला इतके सारखे, की चुकीची जोडीही आट्यांवर व्यवस्थित फिरून बसते. त्यातल्या एका चुकीच्या जोडीत दोन्हीकडे मधली पिनच नसते. अँटेना घट्ट बसलेली दिसते, आत मात्र धातूला धातू टेकलेला नसतो. टेबलावर सगळं छान चालतं आणि थोडं लांब गेलं की लिंक तुटते. लक्षण ओळखीचं वाटलं तर अँटेना काढून आत बघा. या अवस्थेत व्हिडिओ ट्रान्समीटर चालू ठेवू नका. बाहेर न पडलेली ऊर्जा परत फिरून अॅम्प्लिफायर जाळू शकते. रिसीव्हरवरचा चिमुकला यू.एफएल कनेक्टर तर साधारण 30 वेळा काढण्या-घालण्यापुरताच बनवलेला असतो. दर वेळी तो उचकटू नका.

दुसरी चूक दिशेची. दांडीसारख्या अँटेनाचं टोक ड्रोनकडे रोखलं की सिग्नल नीट जाईल असं वाटतं. उलट टोकाच्या दिशेला तो जवळजवळ नसतोच. तो दांडीच्या चहूबाजूंनी पसरतो. म्हणून ड्रोन बरोबर डोक्यावर असताना, अंतर कमी असूनही, उभी अँटेना दगा देऊ शकते. रिसीव्हरला दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींशी काटकोनात ठेवा आणि कार्बन फायबरच्या सांगाड्यापासून दूर. कार्बन फायबर वीजवाहक आहे, त्यामागे लपलेली अँटेना आंधळी होते. वर्तुळाकार ध्रुवीकरणाची, म्हणजे लहरी गोल फिरवत पाठवणारी व्हिडिओ अँटेना वापरत असाल तर एका बाजूला उजवीकडे फिरवणारी आणि दुसऱ्या बाजूला डावीकडे फिरवणारी लागलेली नाही ना, तेही बघा.

जमिनीवर चालणाऱ्या छोट्या वाहनांचा त्रास वेगळा. समोर वाहन दिसतंय म्हणजे रेडिओलाही वाट मोकळी, असं नाही. 2.4 गिगाहर्ट्झवर 1 किलोमीटर अंतरासाठी मध्यावर चहूबाजूंनी साडेपाच मीटरच्या आसपास जागा मोकळी लागते. जमिनीपासून वीतभर उंचीवर अँटेना असेल तर तिथे पॉवर ओतून फार काही हाती लागत नाही. नियंत्रण केंद्राची अँटेना उंच खांबावर चढवा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा बिघाड मात्र घरचाच असतो. वाहनावरचा संगणक, कॅमेरा, मोटरचे स्पीड कंट्रोलर, सगळे रेडिओ गोंगाट करतात. यूएसबी 3 चा गोंगाट थेट 2.4 गिगाहर्ट्झमध्ये घुसतो. जीपीएसचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत उणे 130 डीबीएमच्या (1 मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल) आसपास, इतका क्षीण असतो. बाजूने एचडीएमआयची कमी शिल्डिंगची (धातूच्या आवरणाची) केबल गेली तरी त्याला बुडवायला पुरे होतं. निदान सोपं आहे, फक्त धीर हवा: सगळं बंद करा, एकेक उपकरण चालू करत जा आणि प्रत्येक वेळी उपग्रहांची संख्या व रेडिओची नॉइज पातळी बघा. ज्या उपकरणानं उपग्रह कमी होतील किंवा नॉइज चढेल, तो गुन्हेगार. मग त्याला दूर हलवा, शिल्ड करा किंवा त्याच्या केबलवर गोंगाट शोषणारं फेराइटचं कडं लावा.

इथेच आरएसएसआयवरचा, म्हणजे रिसीव्हर दाखवतो त्या सिग्नलच्या ताकदीच्या आकड्यावरचा, आंधळा विश्वासही सोडायला हवा. गर्दीत कुणी ओरडलं तर आवाज मोठा येतो, शब्द कळतीलच असं नाही. हा आकडा फक्त आवाज मोजतो. शंभरातली किती पॅकेट धड पोचली हे लिंक क्वालिटी सांगते. आरएसएसआय उत्तम आणि क्वालिटी घसरलेली, हे दिसलं की कुणीतरी त्याच फ्रिक्वेन्सीवर आहे असं समजा. टेलिमेट्रीच्या (ड्रोनची माहिती खाली पाठवणाऱ्या) सिक रेडिओंमध्ये नेट आयडी, म्हणजे कोणता रेडिओ कोणाशी बोलणार हे ठरवणारा क्रमांक, कारखान्यातून 25 च येतो. एकाच मैदानावर दोघांनी तो न बदलता उड्डाण केलं की काय होईल, हे सांगायला नको.

मोबाइल नेटवर्कवर भिस्त असलेल्यांनी खाली फोन धरून रेंज तपासण्यात अर्थ नाही. टॉवरच्या अँटेना खाली झुकवलेल्या असतात. वर गेलेल्या ड्रोनला एकाच वेळी अनेक टॉवर दिसतात, ते एकमेकांना अडथळा करतात आणि वाहन एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतं. कांड्या पूर्ण, तरी आज्ञा उशिरा. सरासरी विलंबाच्या आकड्यावर तर मुळीच जाऊ नका. सरासरी 50 मिलिसेकंद असेल, पण मधेच एखादं पॅकेट 800 मिलिसेकंद अडकलं, तर ताशी 72 किलोमीटरनं जाणारी गाडी तेवढ्यात 16 मीटर पुढे गेलेली असते. सर्वांत वाईट विलंब मोजा. ऑगस्ट 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सी रस्त्यातच थांबल्या आणि वाहतूक तुंबली. शहरातल्या संगीत महोत्सवाच्या गर्दीनं मोबाइल नेटवर्कवर ताण आला, हे कारण कंपनीनंच दिलं.

गाडी-ते-गाडी संवादाचे संच आणताना दोन्हीकडे तंत्र एकच आहे ना, हे आधी विचारा. 802.11पी (वाय-फायवर बेतलेलं) आणि सी-व्ही2एक्स (मोबाइल नेटवर्कच्या तंत्रावर बेतलेलं) दोन्ही 5.9 गिगाहर्ट्झवर चालतात, तरी एकमेकांचं अक्षरही समजत नाहीत. आणि बंदिस्त गॅरेजमध्ये चाचणी घेतली तर सी-व्ही2एक्सचा संच गप्प बसू शकतो. त्याला वेळ जुळवण्यासाठी सहसा उपग्रहाचा सिग्नल लागतो.

एवढं करूनही लिंक कधीतरी तुटणारच. त्यामुळे फेलसेफची, म्हणजे संपर्क तुटल्यावर ड्रोननं आपोआप काय करायचं या सोयीची, चाचणी टाळणं ही या यादीतली सर्वांत महागडी चूक. काही रिसीव्हर संपर्क तुटल्यावर शेवटचीच आज्ञा धरून ठेवतात. मग फ्लाइट कंट्रोलरला (ड्रोन उडवणाऱ्या संगणकाला) काही बिघडलंय याचा पत्ताच लागत नाही. प्रॉपेलर काढा, ड्रोन आर्म करा (मोटर फिरायला तयार करा), रिमोट बंद करा आणि फेलसेफ खरंच लागू होतो का ते पाहा. आर्डुकॉप्टर या ड्रोन उडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये परतीची उंची मुळात 15 मीटर असते, आजूबाजूची झाडं त्याहून उंच असतील तर ती वाढवा. मग रिमोट पुन्हा चालू करून बघा. संपर्क परत आला तरी आर्डुकॉप्टर आपणहून जुन्या मोडमध्ये येत नाही, घराकडे, म्हणजे उड्डाणाच्या जागी, परतणं चालूच ठेवतो. ताबा हवा असेल तर मोडचा स्विच एकदा दुसरीकडे नेऊन परत आणावा लागतो.