दोन मिनिटांचं संप्रेरक

झूऑलॉजीत एमएससी करून मी आतड्यांच्या शरीरक्रियेवर काम करणाऱ्या लॅबमध्ये जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) म्हणून लागले. पहिले दोन महिने गेले उंदीर हातात धरायला शिकण्यात. मानेमागची कातडी चिमटीत पकडायची आणि टोकाला गोळी असलेली वाकडी सुई घशातून पोटापर्यंत न्यायची. तुमचा हात थरथरला की उंदीर बिथरतो, बिथरला की त्याची साखर चढते, आणि आलेखात तुमचा नवखेपणा उमटतो.

कामाचं मूळ साधं आहे. तीच साखर शिरेतून देण्याऐवजी तोंडावाटे दिली, तर इन्सुलिन जास्त सुटतं. कारण आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी अन्नाची चाहूल लागताच जीएलपी-१ आणि जीआयपी ही संप्रेरकं रक्तात सोडतात. टाइप-२ मधुमेहात हा जादा परिणाम मंदावतो. का, ते शोधायला आम्ही उंदरांना ६० टक्के उष्मांक चरबीतून येणारं खाद्य देऊन दहा-बारा आठवडे लठ्ठ करायचो. (हे खाद्य फ्रीजबाहेर राहिलं की खवट होतं. मुंबईच्या मे महिन्यात तर विचारूच नका.)

मग ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट, म्हणजे साखर पाजून ती रक्तातून किती लवकर उतरते ते पाहायचं. सकाळी आठला खाद्य काढायचं, दुपारी दोनला ग्लुकोज पाजायचं, पुढे १५, ३०, ६०, १२० मिनिटांनी शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब. मी डोंबिवलीची. जुलैत एकदा कुर्ल्याला रुळांवर पाणी भरलं, मी पोहोचले अकराला. उंदीर पोटभर जेवून झोपलेले. आठवडाभराचं नियोजन पाण्यात गेलं. तेव्हापासून उपासाच्या आदल्या रात्री लॅबजवळच्या मैत्रिणीकडे मुक्काम.

लॅब निवडताना दोन गोष्टी आधी विचारा. प्राण्यांच्या एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आहे, की अर्ज अजून जायचाय? मंजुरीशिवाय उंदराला बोटही लावता येत नाही आणि तुमचे महिने नुसते पेपर वाचण्यात जातात. दुसरं, फेलोशिप वेळेवर येते का? कागदावर महिन्याला ३७,००० असले, तरी खात्यात कधी येतात हे सिनियरलाच विचारा, सरांना नको.

आता माझी फजिती. तीन महिने माझ्या उंदरांच्या रक्तात जीएलपी-१ जवळपास शून्य येत होतं. मोजणीच्या किटला नावं ठेवली, उंदरांना ठेवली. शेवटी एका सिनियर ताईने विचारलं, "ट्यूबमध्ये काय घालतेस?" म्हटलं, ईडीटीए, रक्त गोठू न देणारं रसायन. "आणि?" आणि काहीच नाही! जीएलपी-१चं सक्रिय रूप रक्तात दोनेक मिनिटांत निम्मं होतं, कारण डीपीपी-४ नावाचं विकर ते कापत सुटतं. त्याला अडवणारं रसायन ट्यूबमध्ये आधीच असावं लागतं, ट्यूब बर्फात, आणि रक्त गरगर फिरवून वेगळं करणारं सेंट्रिफ्यूजही थंड. जुन्या वहीतून प्रोटोकॉल उतरवताना माझी नेमकी तीच ओळ सुटली होती.

त्या रात्री घरी आईच्या औषधांच्या डब्यातली पट्टी सहज उलटून पाहिली. सिटाग्लिप्टिन. २०२२मध्ये पेटंट संपल्यावर स्वस्त झाली म्हणून डॉक्टरांनी सुरू केलेली. तिचं काम एवढंच, डीपीपी-४ला अडवणं. आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत म्हणाली, "मग मला विचारायचंस ना आधी."