स्लीप करंट मोजताना बोर्ड सारखा रिसेट होतोय?

स्लीप करंट म्हणजे बोर्ड झोपलेला असताना घेतो तो करंट, मायक्रोअँपमधला. तो मोजायचा म्हटलं की जो तो सांगतो मीटर सिरीजमध्ये लाव आणि वाच. मीपण तेच केलं आणि चार रात्री घालवल्या, म्हणून हे लिहितोय.

बोर्ड ईएसपी३२ चा (वायफायवाली मायक्रोकंट्रोलर चिप), ३.२ व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेट सेलवर. पॉवर एलईडी काढा. एएमएस१११७ हा व्होल्टेज रेग्युलेटर असेल तर तोही काढा, एकटा ५ मिलिअँपच्या आसपास खातो. कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यूएसबी-सिरीयलच्या सगळ्या वायरी काढा, डेटाच्या टीएक्स-आरएक्ससुद्धा, त्यातून करंट आत शिरतो आणि रीडिंग खोटं येतं.

सेलच्या प्लसमध्ये १ किलोओहम, १ टक्केवाला रेझिस्टर. त्याच्या दोन टोकांना मीटर, २०० मिलिव्होल्ट डीसीवर. १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँप.

आता खरी अडचण. डीप स्लीपमध्ये चिप १० मायक्रोअँपच्या आसपास घेते, पण जागी झाली की तिला मिलिअँप लागतात आणि वायफाय चालू झालं की शेकडो. मीटरच्या मायक्रोअँप रेंजमध्ये आत शंट (करंट ज्याच्यावर मोजतात तो रेझिस्टर) असतोच, तो १०० ओहम धरला तरी २० मिलिअँपलाच २ व्होल्ट तिथे पडतात, मग बोर्डाला उरलं काय? बोर्ड उठतो, व्होल्टेज बसतं, रिसेट, परत उठतो, झोपेपर्यंत पोचतच नाही, आणि मी मात्र कोडमध्ये चूक शोधत स्लीपचा सगळा भाग दोनदा नव्याने लिहिला. कोड पहिल्यापासून बरोबर होता हो!

१ किलोओहमवर तर याहून जास्त पडेल, म्हणून त्या रेझिस्टरला पॅरलल एक जंपर (काढता-लावता येणारी वायर) लावाच. जंपर लावून बोर्ड चालू करा, झोपू द्या, मगच जंपर काढा. टेस्टपुरता स्लीप टाइम ५ मिनिटं ठेवा आणि उठायच्या आधी जंपर परत लावा, विसरलात की परत रिसेट. रेंज बदलून बदलून मोजायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, नॉब फिरवताना सर्किट मधेच तुटतं.

जंपर काढल्यावर लगेच आकडा लिहू नका. बोर्डावर मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असेल तर त्याचं लीकेजपण (त्यातून झिरपणारा करंट) यात धरलं जातं आणि ते हळूहळू कमी होतं, दोन-तीन मिनिटं थांबा.

मीटर रेंजच्या बाहेर गेला तर २ व्होल्टवर टाका. २९० मिलिव्होल्टच्या आसपास दिसलं तर १० किलोओहमच्या पुलअपची (प्लसला जोडणाऱ्या रेझिस्टरची) एखादी पिन लो ठेवून झोपवलंय, आधी ती शोधा.