मुलाचं डोकं दुखतंय म्हणून इमर्जन्सीत आणलंय? या चुका टाळा

रात्रीच्या ड्युटीला डोकं दुखतंय म्हणून मूल आलं की आपल्या डॉक्टरांच्या हातून दोन गोष्टी होतात, एकतर पॅरासिटामॉल लिहून पाच मिनिटांत घरी नाहीतर घाबरून थेट सीटी, आणि मी नवीन असताना दोन्ही केलंय. बहुतेक वेळा व्हायरल ताप किंवा मायग्रेनच असतो हे खरंय, पण म्हणूनच तर गडबड होते, इतक्यांदा साधंच निघतं की हात सवयीने चालायला लागतो.

माझी सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो. सहा-सात वर्षांचा मुलगा, तीन आठवडे सकाळी उठलं की डोकं दुखायचं, एक उलटी व्हायची आणि मग तासाभरात पोरगं मस्त खेळायला लागायचं. घरच्यांना वाटलं शाळेचा कंटाळा, आधीच्या डॉक्टरांनी पित्ताचं औषध दिलेलं, आणि मीही उलटी ऐकून पोटच दाबत बसलो. सगळं बेडवर झोपवून तपासलं, नॉर्मल लिहिलं. सिनियर आले, त्यांनी केसपेपर बघितलाही नाही, म्हणाले याला खाली उतरव आणि चालव. पोरगं पाय फाकवून चालत होतं, वळताना भिंतीला हात टेकवला, आणि मान एका बाजूला कललेली, जी मला बेडवर उशीमुळे वाटली होती. मेंदूच्या मागच्या भागात, पोस्टेरियर फोसामध्ये गाठ निघाली. रात्रभर आडवं राहिल्याने डोक्यातलं प्रेशर वाढतं, उठून वावरलं की जरा उतरतं, म्हणून तो दहा वाजता बरा दिसायचा.

तेव्हापासून माझ्याकडे डोकेदुखीचं मूल बेडवरून उतरल्याशिवाय घरी जात नाही. एका रेषेत टाचेला बोट लावून चालायला लावा, स्वतःच्या नाकाला आणि मग तुमच्या बोटाला हात लावायला सांगा, डोळे दोन्ही बाजूंना पूर्ण बाहेर जातात का बघा (डोळा बाहेर वळवणारी सहावी नर्व्ह प्रेशर वाढल्यावर दगा देते), फंडस म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा बघा, आणि बीपी घ्या. बीपी तर हमखास राहतं. बरं, घेतलंच तर कफ कुठला? मुलाच्या दंडाला लहान कफ लावला तर बीपी खोटं जास्त येतं, मोठा लावला तर खोटं कमी, कफच्या आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के हवी. डोकेदुखी आणि बीपी खरंच वाढलेलं असेल तर किडनीपासून सगळा विचार करावा लागतो. लहानग्यांच्या डोक्याचा घेरही मोजा, दोन मिनिटं लागत नाहीत.

हिस्ट्रीत गंमत अशी की आपण मोठ्यांचा मायग्रेन डोक्यात ठेवून विचारतो, अर्धं डोकं दुखतं का, चार तास राहतं का. मुलांमध्ये दोन तासांचा अ‍ॅटॅकसुद्धा मायग्रेन असू शकतो आणि दुखणं बरेचदा दोन्ही बाजूंना, कपाळावर असतं. "लाइट सहन होत नाही का रे" असं विचारलं की पोरं काहीही हो म्हणतात, त्यापेक्षा आईला विचारा की दुखायला लागलं की हा काय करतो. टीव्ही स्वतःहून बंद करून अंधाऱ्या खोलीत पांघरूण घेऊन पडतो म्हणाली तर उत्तर मिळालं. आणि तीन-चार वर्षांच्या आतलं मूल डोकं दुखतं असं नीट सांगूच शकत नाही, ते चिडचिड करतं, डोकं धरतं, त्यामुळे या वयात तक्रार आली की जास्त सावध.

"औषधाने थांबलं ना, मग काही नाही" हे वाक्य तर बंदच करा. पेनकिलरने गाठीचंही दुखणं कमी होतं, रक्तस्रावाचंही होऊ शकतं. ती तपासणी नाहीये.

आता सीटी. नॉर्मल सीटी म्हणजे सुटलो असं नसतं, मेनिन्जायटिसमध्ये (मेंदूच्या आवरणाला सूज) सीटी नॉर्मल असू शकतो, व्हीनस सायनस थ्रॉम्बोसिस (मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी) साध्या सीटीत निसटतो, नुसतं प्रेशर वाढलेलं असेल तरी चित्र ठीकच दिसतं. गुंगी वाढतेय, एक बाजू कमजोर आहे, अचानक आयुष्यात कधी नव्हतं इतकं दुखलं, शंट (मेंदूतलं जादा पाणी बाहेर काढणारी नळी) आहे, तिथे सीटी लगेच करा. बाकी तपासणी पूर्ण नॉर्मल असलेल्या मुलाला उगाच रेडिएशन कशाला, शंका असेल आणि वेळ असेल तर एमआरआय. डोक्याला मार लागलेला असेल तर सीटी लागेल का हे ठरवणारा पेकार्नचा नियम वापरा, २००९ मध्ये ४२ हजारांहून जास्त मुलांच्या अभ्यासातून तो आला, आणि नुसती डोकेदुखी किंवा नुसती उलटी असेल तर लक्ष ठेवून थांबणं हाही त्यात मान्य पर्याय आहे. शंटवाल्या मुलाचा स्कॅन नेहमी जुन्या स्कॅनशेजारी ठेवून बघा, आणि आई म्हणाली की मागच्या वेळी शंट बंद पडला तेव्हा असंच झालेलं, तर रिपोर्टपेक्षा तिचं ऐका.

ताप आणि आजारी दिसणारं मूल असेल तर अँटिबायोटिक स्कॅनसाठी अडकवू नका. तान्ह्या बाळांत मान ताठ नसली तरी मेनिन्जायटिस असतो.

एक प्रश्न कुणी विचारत नाही, घरात अजून कुणाचं डोकं दुखतंय का? बंद खोलीत शेगडी, जनरेटर, गॅस गिझर असेल तर कार्बन मोनॉक्साइड. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर मस्त ९९ दाखवतो कारण त्याला ऑक्सिजनवालं आणि कार्बन मोनॉक्साइडवालं हिमोग्लोबिन सारखंच दिसतं, ते वेगळं मोजायला को-ऑक्सिमेट्रीच लागते.

टीनएजर असेल तर आईबाबांना पाच मिनिटं बाहेर बसवा. पिंपल्सच्या गोळ्या घेतेस का हे विचारा, डॉक्सीसायक्लिन, मिनोसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन यांनी डोक्यातलं प्रेशर वाढू शकतं, वाकल्यावर क्षणभर अंधारी येते, कानात ठोके ऐकू येतात. झोप, मूड, प्रेग्नन्सीची शक्यता, हे सगळं आईसमोर निघत नाही.

डोसमध्येही घोळ असतो. २० किलोच्या मुलाला आयब्युप्रोफेन १० मिलिग्रॅम प्रतिकिलो म्हणजे २०० लागतं, ५ मिलीत १०० वालं सिरप असेल तर १० मिली, आणि घरी दिलेलं असतं एक चमचा, मग आपण लिहितो औषधाला दाद नाही! मूल फार डिहायड्रेट असेल तर आधी पाणी भरा. अ‍ॅस्पिरिन नको, रेज सिंड्रोमची (मेंदू आणि लिव्हरला इजा करणारा आजार) भीती, आणि ओपिऑइडच्या, म्हणजे मॉर्फिनसारख्या औषधांच्या वाटेला जाऊ नका. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड दिलं आणि मान वाकडी, डोळे वर गेले तर घरचे फिट आली म्हणून ओरडतात, ती डिस्टोनिया असते, औषधामुळे स्नायू आखडतात. महिन्यात १५ दिवस पेनकिलर चालू असं तीन महिन्यांहून जास्त झालं असेल तर ती गोळीच आता डोकं दुखवतेय का, हेही बघा.

घरी पाठवताना "गरज वाटल्यास या" लिहू नका, कुणालाच कळत नाही गरज म्हणजे काय. दुखण्याने रात्री जाग आली, सकाळी उलटी झाली, चालताना झोक गेला, दोन दोन दिसायला लागलं, उठवून नीट उठत नाही, तर त्याच दिवशी परत, असं लिहा. आणि फंडस बघताना पोरगं हललं आणि नाही दिसला तर केसपेपरवर "नाही दिसला" लिहा, उगाच नॉर्मल लिहू नका, कारण सकाळच्या ड्युटीवाला तुमचा तो शब्द वाचून डोळे परत बघत नाही.